स्टीलहेडला कधी आणि कुठे जायचं, हे कुणी ठरवलं?

सिअ‍ॅटलकडे राहून गरवायचा नाद लागलेली आपली मंडळी आता बरीच झालीयत, आणि नोव्हेंबर उजाडला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, स्टीलहेडला (समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परत येणारा ट्राउट मासा) कधी जायचं आणि कुठल्या नदीवर. जुने लोक लगेच पावसाचा ग्राफ काढतात, पाणी उतरतंय का बघ, रंग हिरवट झाला का बघ, गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचे बूट दिसले की गळ टाक. हे सगळं बरोबर आहे, पण त्यातून फक्त दिवस ठरतो. महिना कुठला आणि नदी कुठली हे पावसाने कमी आणि हॅचरी (माशांची पिल्लं वाढवून नदीत सोडणारं केंद्र), कोर्ट आणि नियमांच्या पुस्तकाने जास्त ठरवलंय, म्हणून हा मागचा इतिहास.

हिवाळ्यात समुद्रातून नदीत चढतो तो विंटर रन, उन्हाळ्यात चढतो तो समर रन. एकच गोष्ट डोक्यात ठेवा, दोघंही अंडी घालतात ती उन्हाळ्याआधीच, समरवाला फक्त कित्येक महिने आधी नदीत येऊन डोहात वाट बघत बसतो. म्हणजे आपण गरवतो तो मासा अंडी घालायलाच निघालेला असतो. कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे चढतात आणि गाभोळीचा मासा मारावा की मारू नये यावरून वाद होतात ना, तोच वाद इथे शंभर वर्षं चाललाय, फक्त वकील लावून.

आता कॅलेंडर. वॉशिंग्टन राज्यात 'थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा सण) झालं की स्टीलहेड' असं जे डोक्यात बसलंय ते मुळात हॅचरीचं काम. टकोमाजवळच्या चेंबर्स क्रीकच्या स्टॉकवर, म्हणजे तिथल्या माशांच्या वाणावर, गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत असा प्रयोग जमला की लवकर चढणारे मासे निवडायचे, त्यांचीच अंडी घ्यायची, पिल्लं जरा कोमट झऱ्याच्या पाण्यात भराभर वाढवायची आणि एका वर्षात समुद्राकडे सोडायची. जंगली पिल्लाला नदीत साधारण दोन-दोन वर्षं काढावी लागतात. पिढ्यान्‌पिढ्या असं केल्यावर जो मासा तयार झाला तो डिसेंबर-जानेवारीत ठोकून परत येतो, आणि मग तोच स्टॉक राज्यभर नद्यांत सोडला. जंगली माशाचा जोर मार्च-एप्रिलला. कागदावर हिशोब छान होता, हॅचरीचे मासे आधी येतील, लोक ते खातील, जंगली नंतर निवांत येतील, दोघांची गाठ पडणार नाही.

पण पूर्वी जंगली मासेही डिसेंबरात चढत असत, कमी नव्हते. हॅचरीचा मासा पकडायला म्हणून त्या दोन महिन्यांत एवढे गळ आणि एवढी जाळी लागली की लवकर येणारा जंगली मासाही त्यातच गेला, आणि आता आपण म्हणतो 'जंगली मासा उशिरा येतो'. काही जण हे मान्य करत नाहीत, धरणं, लाकूडतोड आणि समुद्रातली परिस्थिती हीच खरी कारणं म्हणतात. मला विचाराल तर ती कारणं आहेतच, पण नेमकी सुरुवातीच्या महिन्यांतली फळी रिकामी का झाली हे त्यातून सुटत नाही.

'कुठे'चा अर्धा भाग करारांत आहे. १८५४-५५ च्या करारांत आदिवासी जमातींनी जमीन दिली आणि नेहमीच्या, सवयीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. राज्याने पुढे स्टीलहेडला 'गेम फिश' ठरवून जाळीवर बंदी घातली, म्हणजे शौकिनांचा मासा, पोटाचा नाही. १९७३ ला सुप्रीम कोर्टाने ही सरसकट बंदी जमातींविरुद्ध भेदभाव आहे म्हटलं, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये एका फेडरल जजने पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा असं ठरवलं, त्यावर १९७९ ला सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसला. त्या काळात नदीकाठी जे झालं ते फार चांगलं नव्हतं आणि अजूनही कुठल्या बारमध्ये जाळ्याचा विषय काढला की आवाज चढतात. आजच्या आपल्या प्लॅनवर त्याचा परिणाम एवढाच की खालच्या पट्ट्यात आठवड्यातले ठरावीक दिवस जाळी असतात, जाळी उचलल्यावर ताजे मासे वर सरकतात, त्यामुळे जाणकार माणूस हवामानाइतकंच जाळ्यांचं वेळापत्रक बघतो.

कोलंबिया नदीचं प्रकरण वेगळंच. बॉनव्हिल धरण १९३८ ला झालं, माशांना धरण चढायला केलेल्या शिडीच्या खिडकीतून मासे मोजतात, आणि तिथे तर चक्क तारखेवरून जात ठरवली होती, २५ ऑगस्टच्या आत धरण ओलांडलं तर ए-रन, नंतर ओलांडलं तर बी-रन, जणू मासा पंचांग बघून निघतो. पुढे तारखेऐवजी लांबी लावली, ७८ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा तो बी-रन. स्नेक नदीवरच्या धरणांचं रामायण इथे काढत नाही, ते वेगळं लिहावं लागेल.

खरा बदल २००७ नंतरचा. त्या वर्षी पुजेट साउंडचा, म्हणजे सिअ‍ॅटलजवळच्या खाडीत येणाऱ्या नद्यांचा, स्टीलहेड धोक्यातल्या माशांच्या फेडरल यादीत गेला. मग स्कॅजिट आणि सॉक, जिथे वसंतात पकडून सोडायला देशभरातून लोक यायचे, त्या नद्यांचा तो हंगामच बंद झाला, आणि परत उघडला एप्रिल २०१८ ला, तोही थोडे दिवस. मध्ये २०१४ ला हॅचरीवरून कोर्टकचेरी झाली, पुजेट साउंडच्या बहुतेक नद्यांत त्या वर्षी चेंबर्स क्रीकची पिल्लं सोडलीच नाहीत, स्कॅजिटमध्ये तर बारा वर्षं सोडायची नाहीत असं ठरलं. म्हणजे डिसेंबरचा हंगाम ज्यांनी बनवला त्यांनीच तो मोडला. बरं, नद्या बंद झाल्या म्हणून गरवणारे घरी थोडेच बसतात? गाड्या, बोटी, गाइड, सगळा लवाजमा पश्चिमेला ऑलिंपिक पेनिन्सुलावर गेला, फोर्क्स गावाच्या आसपास. होह, सोल डक, बोगाशील, कलावा. फोर्क्सवाल्यांना तो मासा म्हणजे हिवाळ्याचं पोट. २००४ ला जंगली स्टीलहेड घरी न्यायला राज्यभर बंदी आणायचा निर्णय झाला तेव्हा गावाने दंड थोपटले होते, मग तिथल्या नद्यांपुरती वर्षाला एक मासा अशी सूट मिळाली, ती २०१६ ला गेली.

आणि मग आला बोटीचा निर्णय, ज्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण 'कुठे' या शब्दाचा अर्थच त्याने बदलला. १४ डिसेंबर २०२० पासून किनाऱ्याकडच्या नद्यांवर बोटीत बसून गरवायला बंदी आली. बोटीने नदी उतरा, हरकत नाही, पण गळ टाकायचा तर बोट काठाला लावून खाली उतरा. सोबत आमिष बंद, गळ एकच आणि तोही बार्ब (टोकाचा उलटा काटा) नसलेला. कारण दिलं ते असं की अंडी घालायला पुरेसे जंगली मासे पोचत नाहीयत. होहला २४०० मासे पोचावेत असं ठरलेलं आहे, क्विलायूटच्या नद्यांना (सोल डक, बोगाशील, कलावा त्यातच येतात) मिळून ५९००, आणि हंगामाचा अंदाज वाईट होता.

बोटच का, हे नदीवर एकदा बसल्याशिवाय कळत नाही. हल्ली चालायचं ते बॉबर-डॉगिंग, म्हणजे फ्लोट पाण्यात टाकायचा आणि वल्हं मारणाऱ्याने बोट बरोब्बर फ्लोटच्या वेगाने वाहू द्यायची. काठावरून टाकलेला फ्लोट पाच-पंधरा सेकंद नीट वाहतो, मग दोरी ओढली जाते आणि माशाला संशय येतो. बोटीतून तोच फ्लोट शेकडो फूट, अख्खा डोह, मधल्या दगडांमागच्या फटी, पलीकडच्या काठाखालचं खोल पाणी, सगळं चाळत जातो. नवखा माणूससुद्धा, ज्याला धड कास्ट येत नाही, गाइडच्या बोटीत बसून दोन-तीन मासे लावतो. सोडून दिलेला तोच मासा खालच्या वळणावर दुसऱ्या बोटीला परत लागतो. एकेका माशामागे किती वेळा हे झालं याचा विचार केला की बंदी पटते, मला तरी पटली.

पण पटली म्हणजे पद्धत पटली असं नाही. हंगाम तोंडावर, गाइड लोकांनी बुकिंगचे पैसे घेतलेले, वर कोविडचं साल. आणि ज्यांचे गुडघे गेलेत, जे पाण्यात उतरूच शकत नाहीत, त्यांचं काय, हा प्रश्न लोकांनी विचारला तो रास्त होता. त्यात कुणी कोत्या मनाचं म्हणावं असं काही नाही. दुसरीकडे फ्लाय (पिसांची नकली माशी) टाकणारे लोक खूश, कारण ते तसेही उतरूनच टाकतात, आणि त्यांचा हा आनंद निव्वळ माशाच्या प्रेमापोटी होता असं मला वाटत नाही. गंमत म्हणजे हे काही नवीन नव्हतं, ओरेगॉनच्या खालच्या डेशूट्सवर बोटीतून गरवायला पूर्वीपासून मनाई आहे आणि तिथे कुणाचं काही अडत नाही. पण तिथला समर रन, कोरडा प्रदेश, काठाने चालायला जागा. इथे काठ म्हणजे अल्डरचं रान, ओला पालापाचोळा आणि घसरडे दगड.

परिणाम काय झाला बघा. सोल डक दगडी आणि अरुंद, तिथे बोटीशिवाय बरंच पाणी हाताला लागत नाही, मधले मोठमोठे धोंडे आणि त्यामागचे मासे सुटले. होहला मात्र रुंद खडीचे पट्टे आहेत, बोट लावा, उतरा, चालत टाकत जा, त्यामुळे गर्दी तिकडे वळली. आणि पूर्वी पावसानंतर कुठे जायचं याचा जो साधा आडाखा होता, सोल डक लवकर निवळतो म्हणून आधी तो, होह हिमनदीचा आणि काठ ढासळणारा म्हणून सगळ्यात शेवटी, तो आडाखा अर्धाच उरला, कारण निवळलेल्या नदीवर उभं राहायलाच जागा नाही. शिवाय मार्चमध्ये त्याच खडीत अंडी असतात. बोटीतून उतरवलेले शंभर बूट त्या खडीत फिरणार, याचा विचार निर्णय घेताना किती केला होता कोण जाणे.

नंतरच्या हंगामांत तपशील बदलत राहिले, कुठली नदी कधी बंद होईल याचा भरवसा राहिला नाही. २०२२ ला पेनिन्सुलाचा स्टीलहेडही फेडरल यादीत घ्या असा अर्ज गेला. नॅशनल पार्कच्या हद्दीतल्या पट्ट्याला पार्कचे नियम, रिझर्वेशनमधल्या (जमातीच्या राखीव जमिनीतल्या) पाण्याला जमातीचे, उरलेल्याला राज्याचे, म्हणजे एकाच नदीवर पाच मैल चाललात तर पुस्तक बदलतं. उलट पेनिन्सुलावरच्याच एल्व्हा नदीवर, जिथली दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, तिथे वरच्या पाण्यात समर रन परत दिसायला लागला, त्याला ना कुठली हॅचरी लागली ना कुणी तारीख दिली.

मग आता प्लॅन कसा करायचा, तर डिसेंबरात ज्याला मासा घरी न्यायचाय त्याने बोगाशीलच्या हॅचरीखाली खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि पाठीवरचा छोटा पर कापलेला आहे का ते बघायचं, कापलेला तो हॅचरीचा. ज्याला जंगली मासा बघून सोडायचाय त्याने फेब्रुवारी-मार्चसाठी सुट्टी राखून ठेवायची. आणि सिअ‍ॅटलहून फोर्क्सला फेरी धरून चार तास लागतात, म्हणून आदल्या रात्री आधी इमर्जन्सी रूल (ऐनवेळी काढलेले नियम) बघायचे आणि मग नदीचं गेज, म्हणजे पाण्याची पातळी. मी एकदा उलट केलं, गेज एकदम मस्त होतं, पाणी हिरवंगार, पहाटे तीनला निघालो, आणि काठावर पोचलो तर खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद, नदी आदल्या दिवशीपासून बंद. डबा तिथेच गाडीच्या बॉनेटवर उघडून खाल्ला.