बारकोडचा फॉन्ट कुठून आला आणि वर्डमध्ये तो का अडतो

वर्ड प्रोसेसरमध्ये क्रमांक टाइप करायचा, तो निवडून बारकोडचा फॉन्ट लावायचा, की रेघा हजर. छापून पाहिलं तर कागदावर सगळं बरोबर दिसतं, पण स्कॅनर ढिम्म. असं झालं की माणूस आधी स्कॅनरवर संशय घेतो, मग प्रिंटरवर. मूळ मात्र बहुतेक वेळा त्याच्याही मागे असतं. बारकोड हे लांबीचं मोजमाप आहे आणि आपण ते अक्षर म्हणून छापायला दिलेलं असतं. अक्षर डोळ्यांना वाचता आलं की त्याचं काम झालं. रेघेचं काम जाडी अचूक उतरली तरच होतं. ही दोन कामं एका फॉन्टमध्ये कशी आली हे माहीत असलं, तर बिघाड कुठे शोधायचा तेही कळतं.

बारकोडची कल्पना फॉन्टच्या कितीतरी आधीची. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ साली त्यांना ते मिळालं. मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बसलेल्या वुडलँड यांनी मोर्सचे ठिपके आणि डॅश बोटांनी खाली ओढले, त्यातून जाड आणि बारीक रेघा निघाल्या. पुढची वीसेक वर्षं त्या कल्पनेला स्वस्त लेझर आणि स्वस्त संगणक यांची वाट पाहावी लागली. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये, च्युइंगगमच्या पाकिटावरचा यूपीसी, म्हणजे दुकानातल्या मालावर छापायचा बारकोड, पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला.

आपल्या विषयासाठी १९७४ हे साल आणखी दोन कारणांनी महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी इंटरमेक कंपनीत डेव्हिड अ‍ॅलेस आणि रे स्टीव्हन्स यांनी कोड ३९ हा बारकोडचा प्रकार तयार केला. आणि त्याच वर्षी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांच्या हातून ब्राव्हो हा संपादक आकाराला येत होता. पडद्यावर दिसतं तसंच कागदावर, ही कल्पना प्रत्यक्षात आणणारा तो पहिला वर्ड प्रोसेसर. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड बाजारात आला. आज ज्या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात त्या एकाच वर्षी जन्मल्या, पण एकीला दुसरीची कल्पनाही नव्हती.

कोड ३९ची घडण इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण फॉन्टची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. त्यातल्या प्रत्येक अक्षरात पाच रेघा आणि त्यांच्यामधल्या चार फटी, असे नऊ भाग असतात. त्यांतले तीन जाड. इंग्रजीत त्याला ‘नऊपैकी तीन’ असंही म्हणतात ते यामुळेच. मूळ हिशेब सुरेख होता. पाच रेघांपैकी दोन जाड निवडायच्या १० रीती, चार फटींपैकी एक जाड निवडायच्या ४ रीती, मिळून ४० आकृत्या. एक आकृती सुरुवात आणि शेवट दाखवायला बाजूला काढली, उरल्या ३९. कोडचं नाव तिथून आलं. नंतर एकही रेघ जाड नाही पण तीन फटी जाड, अशा आणखी चार आकृत्या घेतल्या आणि एकूण अक्षरं ४३ झाली. दहा अंक, इंग्रजी मोठी अक्षरं, रिकामी जागा आणि मोजकी चिन्हं. सुरुवात-शेवटाच्या आकृतीला नाव मिळालं तारका.

यातली सर्वांत मोठी सोय अशी की प्रत्येक अक्षर रेघेने सुरू होतं आणि रेघेवरच संपतं. दोन अक्षरांमधल्या फटीत काही माहिती नसते. ती थोडी कमीजास्त झाली तरी चालतं. शिवाय तपासणी अंकाची, म्हणजे वाचन बरोबर झालं का हे ताडून पाहायला शेवटी जोडायच्या जादा अंकाची, सक्ती नाही. म्हणजे अक्षरं छापखान्यातल्या खिळ्यांसारखी सुटी सुटी बनवून शेजारी शेजारी मांडली की बारकोड तयार. फॉन्ट म्हणजे तरी दुसरं काय असतं? कोड ३९ फॉन्टसाठी बनवलेला नव्हता, पण फॉन्टमध्ये जसाच्या तसा बसला.

तो बसायला दहाएक वर्षं आणि नवे प्रिंटर लागले. १९८४ साली एचपीचा लेझरजेट आला, इंचाला ३०० ठिपके छापणारा. अ‍ॅपलचा लेझरराइटर १९८५चा. सुरुवातीला फॉन्ट प्रिंटरला लावायच्या खास कार्ट्रिजमध्ये (शाईच्या नव्हे) असायचे आणि त्यांत बारकोडचेही होते. ठरलेल्या ठिपक्यांत, ठरलेल्या आकारात. हे फॉन्ट सहसा अडत नसत, कारण त्यांचा आकार बदलताच येत नसे. १९९१ साली अ‍ॅपलने ट्रूटाइप हा फॉन्टचा नवा प्रकार आणला, १९९२ साली विंडोज ३.१ मधून तो सगळीकडे पोचला आणि फॉन्ट कुठल्याही आकारात ताणता येऊ लागला. माझ्या मते आजच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या सोयीत आहे.

ते कसं, हे एका हिशेबातून पाहू. समजा एखाद्या फॉन्टमध्ये बारीक रेघ फॉन्टच्या आकाराच्या विसाव्या भागाएवढी आहे. आकार १२ पॉइंट घेतला तर रेघ ०.६ पॉइंटची. इंचात ७२ पॉइंट आणि ३०० ठिपके, म्हणजे ही रेघ अडीच ठिपक्यांची होते. अर्धा ठिपका प्रिंटरला छापता येत नाही. मग रेघ कुठे दोन ठिपक्यांची उमटते, कुठे तीन. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, स्कॅनरच्या दृष्टीने एक दुसरीच्या दीडपट. जाड-बारीक यांचं प्रमाण २ ते ३ पट असायला हवं, तिथे ही दीडपटीची चूक जवळजवळ सगळी सवलत खाऊन टाकते. तोच फॉन्ट २४ पॉइंटला घेतला की रेघ बरोबर पाच ठिपक्यांची होते आणि बारकोड निमूट वाचला जातो. मधला एखादा आकार हवा असेल तर १४.५ पॉइंट जवळपास तीन ठिपक्यांवर बसतो. नेमका आकडा १४.४ येतो, पण वर्ड अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक फरक स्वीकारत नाही.

लेबलच्या थर्मल प्रिंटरवर हे आणखी तीव्र होतं. इंचाला २०३ ठिपके म्हणजे मिलिमीटरला आठ, प्रत्येक ठिपका पाव मिलिमीटरच्या निम्मा. लेझर प्रिंटरवर उत्तम वाचलेली फाइल इथे अडते ती याच कारणाने. छापताना ‘पानात बसवा’ ही खूण राहिली असेल तर पान ९७ टक्क्यांवर आणलं जाऊ शकतं आणि नीट जुळवलेले ठिपके पुन्हा विस्कटतात. टोनर वाचवण्याची सोय चालू असेल तर रेघांच्या कडा विरळ होतात. इंकजेटवर शाई पसरून रेघा फुगतात, फटी आवळतात. रंग लाल निवडला असेल तर लाल लेझरच्या स्कॅनरला तिथे कोरा कागदच दिसतो.

आता तारका. कोड ३९च्या दोन्ही टोकांना ती लागतेच, म्हणून बहुतेक फॉन्टमध्ये क्रमांक *१२३४५* अशा धाटणीने, पण अर्थातच इंग्रजी अंकांत, टाइप करावा लागतो. तिकडे साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये ठळकपणा दाखवायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका देण्याची पद्धत रुळली होती. वर्डने ती ओळखून टाइप करतानाच आपोआप रूप बदलण्याच्या सोयींमध्ये घेतली. ही सोय चालू असली की तारका गायब होतात आणि मधला मजकूर ठळक होतो. बारकोडवर हा दुहेरी घाव आहे. सुरुवात-शेवट गेले, आणि ज्या फॉन्टला स्वतःचा ठळक नमुना नाही त्याच्या रेघा कृत्रिमपणे जाड केल्या गेल्या. पडद्यावर तर रेघांचा एक नीटस गठ्ठा दिसत राहतो. मला सगळ्यांत वाईट वाटतात ते असे न दिसणारे बिघाड. दुसऱ्या संगणकावर फॉन्टच नसला तर साधे आकडे दिसतात, चूक लगेच लक्षात येते. इथे तसं होत नाही. ही सोय बंद करणं हा साधा उपाय आहे. काही फॉन्ट तारकेची आकृती दुसऱ्या एखाद्या चिन्हावरही ठेवतात, ती वापरली तरी चालतं.

याच जातीच्या इतर चुका थोडक्यात. इंग्रजी छोटी अक्षरं मूळ कोड ३९मध्ये नाहीतच. काही फॉन्ट तिथे मोठ्या अक्षरांच्या आकृत्या ठेवतात, काही काहीच ठेवत नाहीत. कळफलक देवनागरीवर राहिला आणि अंक देवनागरीत उमटले, तर फॉन्टमध्ये त्यांच्यासाठी आकृती नसल्याने वर्ड दुसरा फॉन्ट घेतो. परिच्छेद दोन्ही कडांना जुळवलेला असेल तर रिकामी जागा ताणली जाते, आणि बारकोडमध्ये तीही एक अक्षर असते. बारकोड मोठा असेल तर तो त्याच जागी तुटून दुसऱ्या ओळीवर जातो. तक्त्याच्या चौकटीला किंवा मजकुराला चिकटलेल्या बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा उरत नाही. बारीक रेघेच्या निदान दहापट तरी ती हवी.

कोड १२८ या बारकोडच्या दुसऱ्या प्रकाराची गोष्ट वेगळी. टेड विल्यम्स यांनी तो १९८१ साली कॉम्प्युटर आयडेंटिक्स कंपनीत तयार केला, आणि कमी जागेत जास्त माहिती हे त्याचं उद्दिष्ट होतं. त्यात अक्षरं एकमेकांना चिकटलेली असतात आणि तपासणी अक्षर सक्तीचं असतं. म्हणजे अक्षरांत जराही अंतर वाढवलं की मोजमाप बिघडतं, आणि नुसता फॉन्ट लावून हा कोड बनतच नाही. यात प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. सुरुवातीचं अक्षर सोडून बाकीच्यांची किंमत त्यांच्या क्रमाने गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. कोडच्या ‘बी’ या अक्षरसंचात सुरुवातीच्या अक्षराची किंमत १०४, इंग्रजी ‘ए’ची ३३, ‘बी’ची ३४. ‘एबी’ छापायचं असेल तर १०४ + ३३ × १ + ३४ × २ = २०५. त्याला १०३ने भागून बाकी उरते १०२. म्हणजे ज्याची किंमत १०२ ते तपासणी अक्षर, मग शेवटाचं अक्षर.

इथे खरी मेख आहे. कळफलकावरची ९५ छापील अक्षरं ० ते ९४ या किमतींना पुरतात. त्यापुढच्या किमतींना कळ नाही. फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येकाने त्या आकृत्या आपल्या मताने कुठेतरी ठेवल्या, बहुधा युरोपीय भाषांतल्या चिन्हांकित अक्षरांच्या जागी. किंमत शून्यची रिकामी जागाही अनेकांनी वेगळ्या चिन्हावर हलवली, कारण वर्ड प्रोसेसर रिकाम्या जागेला अक्षर मानत नाही, मोडायची आणि ताणायची जागा मानतो. परिणामी एका फॉन्टसाठी केलेलं सूत्र दुसऱ्या फॉन्टवर चुकीच्या आकृत्या देतं. विंडोज आणि मॅक यांच्या जुन्या वर्णसारण्याही वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे तेव्हाची फाइल इकडून तिकडे नेली की हीच गत. तपासणी अक्षर चुकलं तर स्कॅनर काहीच बोलत नाही. म्हणून कोड १२८ अडला की आधी फॉन्ट आणि सूत्र एकाच घराचे आहेत का ते पाहावं.

ईएएन-१३ या मालावरच्या तेरा अंकी बारकोडमध्ये तर पहिला अंक रेघांत छापलाच जात नाही. तो डावीकडच्या सहा अंकांच्या आकृत्या कोणत्या संचातून घेतल्या यावरून ओळखायचा असतो. एका अंकासाठी फॉन्टमध्ये तीन आकृत्या लागतात, आणि कोणती कधी हे टाइप करणाऱ्याला हाताने ठरवणं शक्य नाही.

या अडचणी लक्षात घेऊन वर्ड प्रोसेसरने पुढे फॉन्टला वळसा घातला. वर्ड २०१३पासून बारकोडसाठी स्वतंत्र फील्ड आहे. त्यात क्रमांक आणि कोडचा प्रकार द्यायचा, तपासणी अंक आणि रेघा तो स्वतः काढतो. मेल मर्जसाठीही, म्हणजे यादीतली माहिती एका नमुन्यात भरून अनेक प्रती काढण्यासाठीही, तसंच वेगळं फील्ड आहे. लिब्रेऑफिसने २०२० साली क्यूआर कोड आणि २०२२ साली रेघांचा बारकोड अशाच पद्धतीने आणला. तरी फॉन्ट गेलेला नाही. लिब्रे बारकोडसारखे मोफत फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मिळतात, आणि कोड ३९साठी मी आजही बेधडक फॉन्टच वापरायला सांगेन.

अडलेला बारकोड हाती आला तर माझा क्रम असा. आधी त्या मजकुराचा फॉन्ट तात्पुरता साधा करून पाहायचा: तारका आहेत का, पुढची शून्यं शाबूत आहेत का. मेल मर्जमध्ये स्प्रेडशीटने शून्यं आधीच गाळलेली असतात, आणि तेव्हा बारकोड वाचला जातो पण क्रमांक चुकीचा निघतो. मग आकार दुप्पट करून छापायचं. तेवढ्याने वाचला तर दोष ठिपक्यांचा. मोबाइलचा कॅमेरा वाचतो आणि स्कॅनर वाचत नाही, तर स्कॅनरमध्ये तो कोड चालू केलेला आहे का ते पाहायचं. आणि स्कॅनर वाचतो पण पडद्यावर भलतीच चिन्हं येतात, तर कागदाकडे पाहूच नये. बरेच स्कॅनर संगणकाला कळफलक म्हणूनच जोडलेले असतात, आणि त्या दोघांची कळफलकाची मांडणी जुळत नसते.