वेलीची कुंडी बदलताना

कुंडी आडवी करून वेल अलगद ओढली, की कधी कधी माती दिसतच नाही. बाहेर येतो तो मुळांचा साचा: थेट कुंडीच्या आकाराचा, पांढऱ्या-तपकिरी दोऱ्यांनी करकचून गुंडाळलेला. मूळ टोकाशी वाढतं. भिंत आडवी आली की कडेकडेने वळतं आणि मग वळतच राहतं. हा गुंता तसाच नव्या कुंडीत बसवला, तर ताजी माती शेजारी असूनही मुळं जुन्याच फेऱ्या मारतात. म्हणून गोळ्याच्या कडेला धारदार सुरीने तीन-चार उभे छेद द्यायचे. जीवावर येतं, पण कापलेल्या मुळाला छेदाच्या जरा मागून नवी उपमुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेने निघतात.

इथवर वेल काय, झुडूप काय, सारखंच. वेलीची खरी गोम मातीच्या वर आहे.

उभं राहण्याचं काम वेलीने दुसऱ्यावर टाकलेलं असतं. लाकूड जाड करण्याचा खर्च वाचतो आणि बारीक खोडातही पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या चांगल्या रुंद असतात. नळीची त्रिज्या दुप्पट झाली, की तेवढ्याच दाबाखाली प्रवाह 16 पट होतो. पेन्सिलीएवढ्या खोडावर एवढा मोठा पानोळा पोसला जातो तो असा. कुंडी बदलताना मात्र हीच सोय अंगाशी येते. पाणी शोषणारे नाजूक मूळरोम तुटतात, पानांची तहान तेवढीच राहते. नळीतल्या पाण्यावर ताण वाढतो, त्यात हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी बंद पडते. दुसऱ्या दिवशी वेल माना टाकते ती यामुळे.

त्यावर अनेकजण सगळे शेंडे छाटतात. मला हे पटत नाही. मुळं फुटायला लागणारं ऑक्सिन हे संप्रेरक मुख्यतः शेंड्यांत आणि कोवळ्या पानांत तयार होऊन खाली उतरतं. थोडी जुनी पानं काढावीत आणि आठवडाभर कुंडी सावलीत ठेवावी.

आणि वेल आधारावरून सोडवू नये. मी एकदा कृष्णकमळाचे ताणे, म्हणजे आधाराला विळखा घालणारे दोरे, एकेक करून सोडवले होते, नव्या जाळीवर एकानेही पकड घेतली नाही. ताणा एकदा गुंडाळला की कडक, लाकडासारखा होतो. मनी प्लांटची काठीला चिकटलेली मुळंही उपटली की पुन्हा चिकटत नाहीत. काठीसकट उचलायचं, म्हणजे दोन माणसं हवीत.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-चार सेंटिमीटरच जास्त रुंद घ्यावी. मुळं न पोचलेली जादा माती ओलीच राहते आणि तिथे हवा उरत नाही. तळाशी खडी घालून निचरा सुधारतो, हा गैरसमज मोठा चिवट आहे. बारीक माती पाण्याने गच्च भरेपर्यंत खालच्या खडीत पाणी सोडत नाही. म्हणजे चिखलाचा थर उलट मुळांजवळ वर सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

वेल रुजली का, हे कोवळा शेंडाच सांगतो. आधार शोधताना तो हवेत गोल फिरतो. चार्ल्स डार्विनने 1865 साली वेलींच्या या हालचालींवर निबंध प्रसिद्ध केला. उबदार हवेत हॉपच्या (जिची फुलं बिअरमध्ये घालतात त्या) वेलीची एक फेरी त्याने सरासरी 2 तास 8 मिनिटांची मोजली होती. पेशींत पाण्याचा दाब असल्याशिवाय हे फिरणं होत नाही. सकाळी शेंड्याचं टोक कुठे आहे ते बघून ठेवावं, तासाभराने पुन्हा बघावं. जागा बदललेली दिसली, की कुंडी हळूहळू उन्हात सरकवायला हरकत नाही.