दुसरा डिझेल फिल्टर: आधी होता, मग गेला, आता परत

गॅरेजमध्ये एखादी स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनर बॉनेट उघडून उभी असते आणि मालक विचारत असतो, ‘कंपनीच्या फिल्टरच्या आधी अजून एक वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर, बसवून घेऊ का?’ मिस्त्री तरुण असेल तर म्हणतो, काय गरज आहे, कंपनीने विचार करूनच एक दिलाय. वयस्कर असेल तर नुसता हसतो. तो ज्या टाटाच्या ट्रकवर हात बसवायला शिकला, त्याच्या इंजिनाला शेजारी-शेजारी दोन फिल्टर लटकत असत, आणि त्यांच्याही आधी फीड पंपाखाली (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) गाळ धरणारा एक छोटा कप असे. ‘जास्तीचा फिल्टर’ हे त्याच्यासाठी नवं खूळ नाही. मधल्या काळात एक फिल्टर गेला कुठे, हे त्याला विचारायला हवं.

डिझेल इंजिनाचं सोवळं सुरू होतं ते इंजेक्शन पंपापासून, म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल सोडणाऱ्या पंपापासून. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नीट चाललं, पण त्यात इंधन उडवायला दाबाची हवा लागे. त्या हवेसाठी भलामोठा कॉम्प्रेसर आला, म्हणून हे इंजिन कारखान्यांत आणि जहाजांवरच राहिलं. त्याला रस्त्यावर आणण्यात मोठा वाटा बॉशच्या पंपाचा. 1922 मध्ये बॉशने त्यावर काम सुरू केलं आणि 1927 मध्ये पंपाचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं. हवा गेली, तिच्या जागी पोलादाचा दांडा आणि त्याची नळी आली. आपल्याकडचे पंपवाले या जोडीला एलिमेंट म्हणतात. तिच्यात रबरी सील नसतं. दांडा आणि नळी एकमेकांत घासून जुळवलेली असतात, मधली फट दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे तो इथे ओंडकाच. एका जोडीचा दांडा दुसरीच्या नळीत चालत नाही. आणि त्या फटीत वंगण म्हणून असतं ते डिझेलच. धुळीचा कण शिरला की ओरखडा, पाणी शिरलं की गंज. पंप उतरवून टेस्टिंगला न्यायचा म्हणजे गाडी दोन दिवस उभी.

हे पंप भारतात बनू लागले ते 1951 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीमुळे. लोकांच्या तोंडी ती मायको. 2008 मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही मार्केट यार्डाजवळ ‘मायको पंप’ हाच शब्द चालतो. मायकोचा नोझल बनवणारा कारखाना नाशिकला आला आणि शहराला मायको सर्कल देऊन गेला. तिथून रोज रिक्षाने जाणाऱ्या कितीजणांना त्या नावामागे डिझेलचा फवारा आहे हे माहीत असेल, कोण जाणे. 1954 मध्ये टाटांनी डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तिथून पुढची तीस-चाळीस वर्षं आपल्या घाटांतला माल बॉश पद्धतीच्या लाईन पंपावरच (प्रत्येक सिलिंडरला एक अशी एलिमेंटची रांग असलेला पंप) वर चढला.

त्या ट्रकवरची मांडणी बारकाईने बघण्यासारखी होती. टाकीतून डिझेल आधी फीड पंपाकडे येई, तिथल्या जाळीत आणि कपात मोठा कचरा बसे. फीड पंप डिझेल पुढे ढकले ते पहिल्या फिल्टरकडे. हा कापडी. त्यातून दुसऱ्याकडे, तो कागदी. मग इंजेक्शन पंप. कापडी फिल्टर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन परत बसवता येई, कागदी मात्र फेकायचा. शिकाऊ पोराचं पहिलं काम हेच असे, कापडी फिल्टर धुणं आणि नंतर हवा काढणं. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट सैल करायचा, फीड पंपाचा हातपंप मारत राहायचं, फेस येतो, बुडबुडे येतात, मग अखंड धार येते, तेव्हा बोल्ट आवळायचा. तोपर्यंत कोपरापर्यंत हात डिझेलने माखलेले.

ट्रॅक्टरवर याच जोडीला काचेच्या किंवा धातूच्या वाटीची जोड असे. इंग्लंडच्या सीएव्ही कंपनीचे काचेच्या वाटीचे फिल्टर ट्रॅक्टरवर आणि लँड रोव्हरवर जगभर पसरले. त्यातली युक्ती साधी होती. वाटीत डिझेलचा वेग मंदावतो, त्याला वळण घ्यावं लागतं, आणि पाणी जड असल्यामुळे तळाला बसतं. काचेतून ते दिसतं. खालचा स्क्रू सैल करून सोडून द्यायचं. यात एक तारतम्य होतं, जे आता दुसरा फिल्टर बसवताना बरेचदा विसरलं जातं: पाणी फीड पंपाच्या आधीच पकडायचं. एकदा पंपातून गेलं की पाण्याच्या थेंबाचे इतके बारीक तुकडे होतात की ते डिझेलमध्ये दुधासारखे मिसळून राहतात आणि लवकर खाली बसत नाहीत. बारीक कागदाचा फिल्टर मात्र फीड पंपाच्या नंतर, कारण त्यातून डिझेल ओढून घेणं कठीण, ढकलणं सोपं. आधी पाणी, मग माती, असा तो क्रम होता.

पाणी येतं कुठून, हे विचारणाऱ्याला लोक लगेच पेट्रोल पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडायला लावतात. तेही खोटं नसतं. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत झिरपलेलं पाणी हा जुना प्रकार आहे आणि म्हणूनच पेट्रोल पंपावर डिपच्या काठीला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून बघतात. पण शुद्ध डिझेलमध्येही पाणी असतं. डिझेलच्या मानकात एका किलोला 200 मिलिग्रॅमपर्यंत पाण्याला मुभा आहे. साठ लिटरची टाकी म्हणजे जवळपास पन्नास किलो डिझेल, म्हणजे नियमात बसणारं पाणीसुद्धा दहा ग्रॅम, चहाचे दोन चमचे. गरम डिझेल जास्त पाणी विरघळवून धरतं, रात्री गार झालं की ते सोडतं. अर्धी रिकामी टाकी असेल तर आतल्या हवेतला दमटपणा पत्र्याच्या आतल्या बाजूला घाम बनून उतरतो. कोकणातला माणूस हे न शिकता जाणतो. जुलैमध्ये तिथे मीठसुद्धा पाणी सोडतं.

एकदा पावसाळ्यानंतर महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं डिझेल मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलं होतं. पंधरा मिनिटांत तीन थर झाले. वर पिवळसर डिझेल, तळाला बोटभर गढूळ पाणी, आणि दोघांच्या मधे काळपट, बुळबुळीत पापुद्रा. तो पापुद्रा म्हणजे बुरशी आणि जिवाणू. त्यांना राहायला पाणी लागतं, खायला डिझेल. टाकीत दोन्ही एकाच जागी मिळत असल्यामुळे ते बरोबर त्या सीमेवर वस्ती करतात. फिल्टर काळा पडून तुंबला की त्यामागे पुष्कळदा ही वस्ती असते. लोक मात्र त्याला ‘डिझेलमध्ये डांबर होतं’ म्हणतात.

वेगळा वॉटर सेपरेटर ही वस्तू म्हणून नावारूपाला आली ती रस्त्यावर नव्हे, समुद्रावर. बोटीची टाकी सतत दमट हवेत, सतत हलणारी, तळाचा गाळ कधी बसूच न देणारी. शिवाय इंजिन बंद पडलं तर बाजूला लावायला रस्ता नाही. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो शहरातल्या रेकॉर कंपनीने एका भांड्यात तीन कामं बसवली. आत शिरताना डिझेलला भोवऱ्यासारखं फिरवायचं म्हणजे जड थेंब बाहेर फेकले जातात, मग पत्र्याच्या अडथळ्यांवर लहान थेंब एकत्र येऊन मोठे होतात, आणि शेवटी पाण्याला आत न घेणारा कागद. खाली पारदर्शक वाटी. 1985 मध्ये पार्कर कंपनीने रेकॉर विकत घेतली. जास्तीचा फिल्टर बसवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आज जी आकृती असते, ती या भांड्याचीच.

आता मधल्या काळात तो दुसरा फिल्टर गेला कुठे ते. 1976 ची फोक्सवॅगन गोल्फ डिझेल हा त्यातला मोठा टप्पा. तिच्यातला बॉशचा फिरता पंप (एकच दांडा फिरत सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो असा) इवलासा होता, डिझेल स्वतःच ओढून घ्यायचा, वेगळा फीड पंप नको. डब्यासारखा एकच फिल्टर, त्याच्याच बुडाला पाणी सोडायचा स्क्रू. मोटारीत जागा कमी, किंमत कमी ठेवायची, आणि मोटारवाला काही रोज सकाळी बॉनेट उघडून वाटी बघणार नव्हता. आपल्याकडे 1998 च्या शेवटी आलेली इंडिका हीच पद्धत घेऊन आली. कापडी, कागदी आणि काचेची वाटी अशी तीन भांडी एका डब्यात मावली. खरं सांगायचं तर त्या काळापुरतं ते पुरेसंही होतं. मात्र एक फरक कुणी फारसा बोलून दाखवला नाही. जुन्या लाईन पंपाच्या खालच्या भागाला इंजिन ऑइल मिळायचं. फिरत्या पंपाचा सगळा पोटभाग डिझेलवरच चालायचा.

मग कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक, प्रचंड दाबाच्या नळीतून डिझेल. 1995 मध्ये जपानमध्ये हिनोच्या ट्रकवर डेन्सोने, 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या मोटारीवर फियाट आणि बॉशने. दाब एकदम 1350 बारला (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाइतका). आता काही इंजिनांत तो 2000 च्या वर आहे. नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि एकाच स्ट्रोकमध्ये इंजेक्टर अनेकदा उघडतो-मिटतो. भारतात 2002 मध्ये ह्युंदाईची ॲक्सेंट सीआरडीआय आली, पुढे फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला ‘नॅशनल इंजिन’ म्हणू लागले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. जुन्या नोझलला पाणी लागलं तर धूर यायचा, आवाज यायचा, नोझल बदलून काम भागायचं. इथे एका इंजेक्टरची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. डब्यातला कागद बारीक झाला, बुडाला पाण्याचा सेन्सर आला (दोन टोकं, मधे पाणी आलं की वीज वाहते आणि डॅशबोर्डवर दिवा), पण डबा एकच राहिला.

त्याच सुमारास डिझेलही बदलत होतं. प्रदूषणाच्या भारत स्टेज-2 या नियमांना गंधक 500 पीपीएम (दहा लाख भागांत 500 भाग), तीनला 350, चारला 50, आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणाही जातो, तो रिफायनरीत वरून रसायन घालून परत आणावा लागतो. त्यातलं काही रसायन आणि बायोडिझेल या दोन्हींचा स्वभाव थोडा साबणासारखा. साबणाच्या पाण्यात तेल जसं फुटून बारीक होतं तसं इथे पाणी डिझेलमध्ये फुटून बारीक होतं, आणि वाटीत खाली बसायला नकार देतं. वाटीचं जुनं तंत्र इथे अपुरं पडतं, म्हणून फिल्टरच्या कागदावर नवनवे थर चढत गेले. (पाण्यावरून इथेनॉलला शिव्या देणाऱ्यांसाठी: इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. पंपावरच्या डिझेलचं पाणी त्याच्या माथी मारू नये.)

महाराष्ट्रात लोकांच्या मनातला संशय मात्र पाण्यापेक्षा रॉकेलमुळे वाढला. रेशनचं निळं रॉकेल आणि डिझेल यांच्या भावातली तफावत इतकी होती की भेसळीचा धंदाच उभा राहिला. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. त्या बातमीनंतर डिझेल भरताना माणूस मीटरबरोबर धारेकडेही बघायला लागला. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले. संशय मुक्त झाला नाही, आणि त्या संशयावर कितीतरी फिल्टर विकले गेले. पण रॉकेल डिझेलमध्ये विरघळतं. कितीही महागडा सेपरेटर लावा, ते कागदातून डिझेलच्या हातात हात घालून पुढे जातं. भेसळीच्या भीतीने फिल्टर घेणारा माणूस चुकीच्या रोगावर औषध घेत असतो. त्यासाठी पंपावर घनता मोजून मागणं हाच उपाय. नोंदलेल्या घनतेशी फरक घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त निघाला तर बोलायला जागा आहे.

दुसऱ्या फिल्टरची आजची लाट आली ती ऑस्ट्रेलियाकडून. शेकडो किलोमीटर वस्ती नसलेले रस्ते, पिंपातून भरलेलं डिझेल, नदी ओलांडताना बुडणाऱ्या टाक्या, आणि त्यावर चालणाऱ्या टोयोटाच्या कॉमन रेल गाड्या. तिथे गाडीच्या मॉडेलनुसार ब्रॅकेट, पाइप आणि भांडं असा तयार संचच मिळू लागला. आपल्याकडच्या ऑफ-रोडवाल्यांनी तो उचलला. आणि त्याबरोबर तिथला वादही उचलला: नवा फिल्टर कंपनीच्या फिल्टरच्या आधी की नंतर?

नंतरवाले म्हणतात, सर्वांत बारीक चाळण सर्वांत शेवटी हवी. आधीवाले म्हणतात, पाणी पकडायचंय तर जितकं लवकर तितकं बरं. जुन्या टाटाच्या ट्रकने या वादाचा निकाल केव्हाच दिला होता, पण तो ट्रक कुणी विचारात घेत नाही. माझा कौल आधीवाल्यांना, एका अटीवर. गाडीच्या टाकीत विजेचा पंप नसेल तर इंजिनाजवळचा पंप डिझेल ओढून घेतो, आणि ओढायला त्याच्याकडे फार तर भोवतालच्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे साधारण एका बारचा, जोर असतो. शिवाय तो इंजिन जाळतं त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त डिझेल खेचतो. उरलेलं थंडावा आणि वंगण देऊन टाकीत परत जातं. म्हणजे फिल्टर इंजिन किती पितं त्यावर निवडायचा नाही, पंप किती फिरवतो त्यावर. तिथे दोन मायक्रॉनचा कागद लावला तर घाटात पंप उपाशी राहतो. आधी लावायचा तो तीस मायक्रॉनचा, मोठ्या वाटीचा.

तरीही अशा गाड्या वर्ष-सहा महिन्यांत परत येतात. सकाळी सेल्फ मारल्यावर उशिरा उचलते, चढावर दम तोडते. मालक इंजेक्टर गेले म्हणून घाबरलेला असतो. वयस्कर मिस्त्री आधी नव्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा चाचपतो, पाइपाचं टोक कोरड्या फडक्याने पुसून परत बघतो. पाइप ओला नसतो, कारण ओढणाऱ्या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. तो एक पारदर्शक नळीचा तुकडा मधे जोडतो आणि गाडी चालू करायला सांगतो. नळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जाताना दिसतात. ‘हवा घेतेय,’ तो म्हणतो, आणि पोराला दहा नंबरचा पाना आणायला पाठवतो.