कॉक्लिअर इम्प्लांट

आंतरकर्णातील केशपेशी नष्ट झाल्याने आलेल्या अतितीव्र बहिरेपणात श्रवणतंतूला थेट विद्युत् स्पंद देणारे उपकरण. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण तो टिपायला केशपेशीच नसतील तर मोठा आवाजही वाया जातो.

कानामागचा प्रोसेसर आवाजाची कंप्रतेनुसार, म्हणजे स्वराच्या उंचीनुसार, विभागणी करतो. चुंबकाने चिकटलेली कॉइल संकेत आणि वीज दोन्ही त्वचेपलीकडच्या ग्राहकाकडे, म्हणजे संकेत घेणाऱ्या भागाकडे, पाठवते. तिथून सिलिकॉनमध्ये बसवलेल्या प्लॅटिनम इलेक्ट्रोडांची तार शंखनलिकेत, म्हणजे आंतरकर्णातल्या शंखासारख्या वळणदार नलिकेत, जाते. नलिकेच्या तळाशी उंच स्वर आणि शेंड्याकडे खालचे स्वर उमटतात, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रोडला त्याच्या जागेला जुळणारा कंप्रतांचा पट्टा नेमून दिलेला असतो.

१९६१ मध्ये लॉस एंजेलिसचे कानाचे शल्यचिकित्सक विल्यम हाउस यांनी बसवलेल्या इम्प्लांटात एकच वाहिनी होती, म्हणजे सगळा आवाज एकाच मार्गाने जाई. त्यातून लय कळे, ओठवाचनाला आधार मिळे. नुसत्या ऐकण्यावर शब्द उमगणे मात्र कठीणच. अभियंते होखमायर दांपत्याने घडवलेले बहुवाहिनी इम्प्लांट व्हिएन्नात १९७७ मध्ये बसवले गेले, तर मेलबर्नमध्ये शल्यचिकित्सक ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये आपले बसवले. तार वळणांतून पुढे सरकेना, तेव्हा क्लार्क यांनी समुद्रकिनाऱ्यावर शंखात गवताची काडी सरकवून पाहिली: टोक लवचीक आणि बूड ताठ असले की ती आत जाते.

खरी अडचण त्यानंतरची. नलिकेतला द्रव विजेचा सुवाहक असल्याने शेजारच्या इलेक्ट्रोडांचे प्रवाह एकमेकांत मिसळतात. म्हणून इलेक्ट्रोड २२ असले तरी बहुतेकांना उपयोग साधारण आठ स्वतंत्र वाहिन्यांइतकाच होतो. अमेरिकी संशोधक ब्लेक विल्सन यांनी १९९१ मध्ये यावर तोड मांडली: दोन इलेक्ट्रोड एकाच क्षणी कधीच चालवायचे नाहीत, स्पंद अतिवेगाने एकापाठोपाठ एक द्यायचे. बोलणे समजण्यात सर्वांत मोठी झेप या वेळापत्रकाने घेतली, इलेक्ट्रोडांच्या संख्येने नव्हे. शिवाय प्रत्येक स्पंदात धन आणि ऋण भार समसमान हवा. उरलेला भार ऊतींना इजा करतो.

शस्त्रक्रियेत कानामागचे हाड कोरून तार बहुधा गोल गवाक्षातून, म्हणजे शंखनलिकेच्या तळाशी असलेल्या पडदा लावलेल्या छिद्रातून, अगदी सावकाश सरकवतात. घाई केली की टोक दुमडते किंवा नाजूक पडदा फाटून उरलेसुरले ऐकू येणेही जाते. मेंदुज्वरानंतर नलिकेत हाड भरू लागते, त्यामुळे तिथे दिरंगाई परवडत नाही. श्रवणतंतू जन्मतःच नसेल तर हे उपकरण निरुपयोगी ठरते.

जखम भरल्यावर यंत्र सुरू करून मॅपिंग करतात, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी जेमतेम जाणवणारी आणि सोसेल इतकी अशा दोन पातळ्या ठरवतात. एखाद्या इलेक्ट्रोडने गाल किंवा पापणी फडफडली तर प्रवाह चेहऱ्याच्या मज्जातंतूपर्यंत पोचतो आहे असे समजून तो कमी करतात, नाहीतर तो इलेक्ट्रोड बंद ठेवतात. तान्ह्या बाळाला सांगता येत नाही, म्हणून त्याच्या श्रवणतंतूचा प्रतिसाद इम्प्लांटकडूनच मोजून घेतात.