जे बदलत नाही, ते यंत्राला कोण सांगणार?

यंत्रमानवाने टेबलावरचा लाल ठोकळा उचलला. आता शेजारच्या निळ्या ठोकळ्याचा रंग कोणता? आपल्याला प्रश्नच खुळचट वाटेल. पण निव्वळ तर्काच्या नियमांवर चालणाऱ्या यंत्राला याचं उत्तर देता येत नाही. 'उचलल्याने रंग बदलत नाही' हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं!

कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक प्रवर्तक जॉन मॅकार्थी यांनी १९६३ साली 'सिच्युएशन कॅल्क्युलस' (कृतींमुळे होणारे बदल तर्काच्या भाषेत लिहायची पद्धत) मांडलं. जगाच्या प्रत्येक स्थितीला एक नाव द्यायचं; कृती घडली की जुन्या स्थितीतून नवी स्थिती निघते. मांडणी देखणी होती. पण पॅट्रिक हेज यांच्यासोबत १९६९ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनीच तिची दुखरी नस दाखवली, तीच 'फ्रेम प्रॉब्लेम'. ५० कृती आणि १०० गुणधर्म असले, तर 'या कृतीने त्या गुणधर्माला काही होत नाही' अशी हजारो वाक्यं लिहीत बसावं लागतं.

मग सरळ एकच नियम का करू नये, की शक्य असेल तोवर गोष्ट आहे तशीच राहते असं धरायचं? अनेकांना हे पटलं होतं. स्टीव्ह हँक्स आणि ड्रू मॅकडरमॉट यांनी मात्र १९८६ साली एक साधा प्रसंग पुढे केला. बंदूक भरली, थोडं थांबलो, मग समोरच्यावर झाडली. तो मेला, हे उघड आहे. पण तर्काला आणखी एक शक्यता तितकीच मान्य होती: थांबलेलो असताना बंदूक आपोआप रिकामी झाली आणि माणूस वाचला. दोन्ही कथांमध्ये नियम एकेकदाच मोडतो, पहिलीत जिवंतपणाच्या बाबतीत आणि दुसरीत भरलेपणाच्या. मग डावं-उजवं कसं करणार? माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यात झोंबणारं उदाहरण.

रेमंड रायटर यांनी १९९१ साली दिलेली तोड वाचल्यावर 'अरेच्चा, एवढंच?' असं वाटतं. प्रत्येक गुणधर्मामागे एकच वाक्य: कृतीनंतर तो खरा असतो, जर कृतीने त्याला खरं केलं, किंवा तो आधीच खरा होता आणि कृतीने खोटं केलं नाही. बंदूक रिकामी करणाऱ्या कृतींत 'थांबणं' येतच नाही, त्यामुळे ती भरलेलीच राहते.

अट एकच, बदलाची सगळी कारणं आधी माहीत हवीत. आणि कृती मुळात पार पडेल का, हा प्रश्न वेगळाच. मॅकार्थी यांचंच उदाहरण घ्या: गाडीच्या धुराच्या नळीत कुणी बटाटा कोंबला असेल, तर किल्ली फिरवूनही ती सुरू व्हायची नाही. अशा अडथळ्यांची यादी करायला बसलं, तर ती संपतच नाही.