इंटरनेटचं बिल चुकीचं आलं तर: तक्रार, अपील आणि ग्राहक आयोग

चुकीच्या बिलावरून इंटरनेट कंपनीशी भांडणाऱ्या बहुतेकांकडे दोन गोष्टी नसतात: तक्रारीचा डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रार नोंदवल्यावर कंपनी देते तो क्रमांक, आणि राउटर परत केल्याची पावती. बाकी सगळं असतं. बिलं असतात, बँकेचं स्टेटमेंट असतं, कस्टमर केअरला केलेल्या फोनची आठवण असते, आणि संताप तर असतोच. पण कंपनीच्या नोंदीत ज्याला क्रमांक नाही ती तक्रार झालेलीच नाही, आणि ज्या राउटरची पावती नाही तो तुमच्याच घरी आहे, असं धरलं जातं. अर्ज फेटाळले जातात ते इथेच.

आधी बिल खरंच चुकलंय का ते बघा. पहिल्या महिन्याच्या बिलावर सर्वाधिक तक्रारी होतात आणि त्यातल्या पुष्कळ टिकत नाहीत. समजा 599 रुपयांचा प्लॅन आहे, कनेक्शन महिन्याच्या 12 तारखेला लागलं आणि कंपनीचं बिल 1 तारखेला निघतं. भाडं आगाऊ घेणाऱ्या प्लॅनमध्ये पहिल्या बिलात 12 ते 30 या 19 दिवसांचे 379 रुपये 37 पैसे आणि पुढच्या पूर्ण महिन्याचे 599 असे दोन्ही येतात. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की आकडा 1,154 रुपये 47 पैसे होतो. ग्राहकाला वाटतं दुप्पट लावलं, पण हिशेब बरोबर असतो. जाहिरातीतली किंमत जीएसटी सोडून सांगितलेली असते हेही लक्षात असू द्या. 599 चा प्लॅन दरमहा 706 रुपये 82 पैशांना पडतो.

खऱ्या चुका वेगळ्या असतात. भरलेलं बिल थकबाकी म्हणून पुढे ओढलेलं. न मागितलेला ओटीटी पॅक किंवा स्टॅटिक आयपीचं, म्हणजे कायम एकच राहणाऱ्या इंटरनेट पत्त्याचं, भाडं. कनेक्शन बंद करायला सांगितल्यानंतरही चालू राहिलेली बिलं. राउटर किंवा ओएनटी (फायबरची लाइन जोडायचा डबा) परत दिल्यावरही लावलेली त्याची किंमत. आणि मध्येच वाढवलेलं भाडं. या शेवटच्या प्रकाराबद्दल नियम स्पष्ट आहे: प्लॅन घेतल्यापासून किमान सहा महिने तो तुमच्यासाठी महाग करता येत नाही, आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर त्या वर्षभर नाही. लाइन बंद पडून दुरुस्ती तीन दिवसांपुढे लांबली असेल तर भाड्यात सूटही मागता येते. मात्र त्यासाठी लाइन बंद असल्याची तक्रार त्याच वेळी नोंदवलेली हवी. लाइनमनला फोन केला होता हे पुरत नाही.

तक्रार कोण करू शकतो

ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तो. हा साधा नियम शेकडो घरांत अडतो. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूच्या नावावरचंच कनेक्शन पुढे चालू असतं, किंवा वडील वारले तरी बिल त्यांच्याच नावाने येत राहतं. पैसे तुम्ही भरत असलात तरी कंपनी तुमची तक्रार बाजूला ठेवू शकते. नावावरची व्यक्ती हयात असेल तर तिच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडा. हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा देऊन आधी कनेक्शन नावावर करून घ्या आणि मग भांडा. हे वाद उभा राहायच्या आधीच झालेलं बरं.

दुसरा अडसर गल्लीतल्या केबलवाल्याचा. इंटरनेट तो देतो, पैसेही तोच नेतो, तेही त्याच्या खासगी यूपीआय खात्यावर, आणि पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर ‘रिसीव्ह्ड’ एवढंच येतं. वाद झाला की मागची कंपनी म्हणते, आमच्याकडे पैसे आलेलेच नाहीत. बहुतेक ठिकाणी केबलवाला हा परवानाधारक कंपनीचा फ्रँचायझी असतो आणि तक्रार त्या परवानाधारक कंपनीविरुद्ध करायची असते. तिचं नाव जीएसटी क्रमांकासह बिलावर असतं. म्हणून दर महिन्याला कंपनीच्या नावाचं बिल मागून घ्या. देत नसेल तर कंपनीच्या अॅपवरून किंवा वेबसाइटवरून थेट पैसे भरा. केबलवाला चांगल्या ओळखीचा असला तरी हे सोडू नका. उद्या तो दुसऱ्या कंपनीकडे गेला तर तुमची जुनी थकबाकी पहिल्या कंपनीच्या नोंदीत तशीच राहते.

पहिली पायरी: तक्रार केंद्र

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2012 च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक देणं कंपनीला बंधनकारक आहे. तो एसएमएसने यायला हवा. फोनवरचा मुलगा ‘नोट केलंय सर’ म्हणाला तर फोन ठेवू नका, क्रमांक मागा. ‘सर्व्हिस रिक्वेस्ट’ टाकली असं म्हणाला तर ‘ही विनंती नाही, बिलाची तक्रार आहे, तशीच नोंदवा’ असं सांगा. हा फरक फोनवर किरकोळ वाटतो, पण पुढे अपिलाच्या वेळी तोच आडवा येतो. अॅपमधल्या चॅटवर तक्रार केली असेल तर स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, नंतर चॅट दिसेलच असं नाही.

त्याच दिवशी कंपनीला ईमेलही करा. त्यात ग्राहक क्रमांक, बिल क्रमांक व तारीख, वादातली नेमकी रक्कम, ती चुकीची का याचं एक-दोन ओळींत कारण, आणि डॉकेट क्रमांक. बास. तीन पानी पत्रात मूळ रक्कमच सापडत नाही अशा तक्रारी ‘तपशील अपुरा’ म्हणून बंद होतात. सोबत वादातलं बिल, त्याआधीची दोन-तीन बिलं आणि पैसे भरल्याचा पुरावा जोडा. यूपीआयचा स्क्रीनशॉट चालतो, पण त्यात यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट द्या.

वाद चालू असताना बिल भरायचं की नाही? अख्खं बिल अडवून ठेवू नका. जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी भरा आणि ईमेलमध्ये लिहा की उरलेल्या इतक्या रुपयांबद्दल अमुक डॉकेट क्रमांकाची तक्रार प्रलंबित आहे. अॅप अर्धी रक्कम घेत नसेल आणि लाइन तुटण्याची भीती असेल, तर पूर्ण भरा, पण ‘वाद कायम ठेवून भरत आहे’ असं आधी लेखी कळवा. ऑटोपे चालू असेल तर रक्कम कापण्याच्या 24 तास आधी तुम्हाला सूचना यावी लागते आणि मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द करण्याचा अधिकार तुमचा आहे. तो यूपीआय अॅपमधून किंवा बँकेतून वापरा. कंपनीच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही.

बिलाच्या तक्रारीचा निकाल जास्तीत जास्त सहा आठवड्यांत लागायला हवा. डॉकेटच्या संदेशात त्याहून अलीकडची तारीख दिली असेल तर ती धरा. तक्रार मान्य झाली तर रक्कम आठवड्याभरात तुमच्या खात्यात वळती व्हायला हवी. पुढच्या बिलात ती दिसते का ते पाहा आणि जीएसटीसकट दिली आहे का तेही तपासा. 500 रुपये चुकीचे लावले असतील तर परत मिळायचे 590 असतात.

अपील: जी पायरी सगळे चुकवतात

तक्रार ‘रिझॉल्व्ह्ड’ असा संदेश येतो. प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. ग्राहक चिडून पुन्हा फोन करतो, नवा डॉकेट मिळतो, तोही बंद होतो, तिसरा, चौथा. या चक्रात महिने जातात आणि हातात फक्त क्रमांकांची यादी उरते. पहिली तक्रार बंद झाली की पुन्हा तक्रार करायची नसते, अपील करायचं असतं.

मुदत 30 दिवसांची आहे. ती बिलाच्या तारखेपासून मोजायची नाही. तक्रार निकाली काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून, किंवा काहीच कळवलं नाही तर तक्रार सोडवण्याची मुदत संपली त्या दिवसापासून मोजायची. 20 जूनला ‘रिझॉल्व्ह्ड’चा संदेश आला तर 20 जुलैच्या आत अपील गेलं पाहिजे. नवा डॉकेट घेतल्याने ही तारीख पुढे सरकते असं गृहीत धरू नका. उशीर झालाच असेल तर सबळ कारण लिहून अपील करा; तीन महिन्यांच्या आत असेल तर अपील अधिकारी ते स्वीकारू शकतो. आजारपण, गावी असणं, संदेश जुन्या नंबरवर जाणं अशा कारणांचा कागद जोडला तर विनंतीला वजन येतं.

अपील कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जातं. ईमेल, टपाल किंवा प्रत्यक्ष, कसंही देता येतं आणि त्याला शुल्क नाही. कुणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजा. कंपनीच्या वेबसाइटवर पत्ता सापडत नसेल, आणि तो बऱ्याचदा मुद्दामच आत दडवलेला असतो, तर ट्रायच्या टीसीसीएमएस पोर्टलवर कंपनीचं नाव आणि सर्कल, म्हणजे दूरसंचार सेवेचा विभाग, निवडा. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही दूरसंचारच्या हिशेबात वेगवेगळी सर्कल आहेत, आणि गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. चुकीच्या सर्कलला पाठवलेलं अपील फिरत बसतं.

अजूनही अनेक जण नोडल अधिकाऱ्याला पत्र लिहून थांबतात. जुन्या व्यवस्थेत नोडल अधिकारी ही मधली पायरी होती. 2012 च्या नियमांनी ती काढून टाकली. नोडल अधिकाऱ्याला लिहायला हरकत नाही, पण ते अपील धरलं जात नाही आणि 30 दिवसांचं घड्याळ थांबत नाही.

अपिलात मूळ डॉकेट क्रमांक, तो बंद झाल्याची तारीख, कंपनीचं उत्तर आणि ते का पटत नाही एवढं लिहा. प्रत्येक अपिलाला स्वतंत्र क्रमांक मिळतो, तो जपा. दोन सदस्यांची सल्लागार समिती अपील पाहते. त्यातला एक कंपनीचा, एक ट्रायकडे नोंदणी असलेल्या ग्राहक संस्थेचा. निकाल 39 दिवसांत यायला हवा.

कनेक्शन बंद केल्यानंतरची बिलं

सर्वाधिक हाल इथे होतात. घर बदललं, फोन करून ‘बंद करा’ सांगितलं, राउटर न्यायला आलेल्या मुलाच्या हातात दिला, आणि सहा महिन्यांनी वसुली एजंटचा फोन. बंद करण्याची विनंती ईमेलने करा आणि तिचाही क्रमांक घ्या. राउटर, ओएनटी आणि अॅडॉप्टर देताना सिरीयल नंबर लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्या. ‘पावतीबुक आणलं नाही’ म्हणाला तर वस्तू देऊ नका, किंवा स्वतः कंपनीच्या कार्यालयात नेऊन द्या. तेही जमत नसेल तर सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढून त्या मुलाच्या नावासह त्याच मिनिटाला कंपनीला ईमेल करा. पावतीइतकं भक्कम नाही, पण रिकाम्या हातापेक्षा खूप बरं.

2024 च्या सेवा दर्जा नियमांप्रमाणे विनंतीनंतर सात कामाच्या दिवसांत सेवा बंद व्हायला हवी आणि अनामत रक्कम 45 दिवसांत परत मिळायला हवी. अनामतीची मूळ पावती हरवली असेल तर पहिलं बिल शोधा, त्यात ती रक्कम वेगळी दाखवलेली असते.

वसुली एजंट धमकावत असेल तर फोनवर वाद घालू नका. कंपनीला लेखी कळवा की रक्कम वादग्रस्त आहे. लोकअदालतीची नोटीस आली तर मात्र घाबरू नका आणि टाळूही नका. दाखलपूर्व, म्हणजे खटला दाखल होण्याआधीच्या, प्रकरणात तुमच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही. कागद घेऊन जा, रक्कम मान्य नसल्याचं सांगा. न पटणाऱ्या रकमेखाली ‘मिटवून टाका’ म्हणतात म्हणून सही करू नका, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

अपिलानंतर

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. तिथे लिहिलेलं पत्र कंपनीकडेच पाठवलं जातं. दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर किंवा 1063 या फोन क्रमांकावर दाद मागता येते, तिथे कंपनीकडच्या तक्रारीचा आणि अपिलाचा तपशील विचारतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरून कंपनीशी मध्यस्थी होते. छोट्या रकमांसाठी हे करून पाहण्यासारखं आहे.

खरा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाचा. ‘दूरसंचारच्या वादात ग्राहक न्यायालय चालत नाही’ असं कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षं सांगत आले. सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 ला व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो मुद्दा निकाली काढला: ग्राहक आयोगाला अधिकार आहे. अपील केलेलं नसलं तरी आयोगात जाता येतं, केलेलं असेल तर बाजू भक्कम होते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागत नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागदांची क्रमवार यादी आणि प्रती लागतात. प्रतिज्ञापत्र नसल्यामुळे त्रुटी निघणं हे तिथलं नेहमीचं दुखणं.

दुकानाच्या किंवा ऑफिसच्या नावाने कनेक्शन असेल तर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून आक्षेप येतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असलेला व्यवसाय असेल तर कायद्यात त्याला सवलत आहे, पण ते तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. सोसायटीने घाऊक घेतलेल्या कनेक्शनमध्ये ग्राहक सोसायटी असते. तिथे सभासदाने एकट्याने न लिहिता समितीच्या ठरावासह सचिवाने लिहावं.