जखमी पक्षी सापडला तर : वनविभागाकडे कसा सोपवायचा, कोण काय करू शकतो, कागद कोणते लागतात

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीला कापशी घार उलटी लटकलेली दिसली. पोट्टे पळत आले, "काका, लवकर या ना, फडफडून ऱ्हायली ते." नायलॉनच्या मांज्याचे दोन वेढे उजव्या पंखाला बसले होते. पंखाच्या पुढच्या कडेला, सांध्यापाशी जी पातळ कातडी असते, ती चिरून दोरा आत रुतला होता. कबुतराएवढा पक्षी, लालभडक डोळे, चोच उघडी. जमलेल्या दहा-बारा जणांच्या तोंडी एकच प्रश्न होता: आता याचं करायचं काय? दवाखान्यात न्यायचं, घरी न्यायचं, की हात लावला तर केस होते?

हा प्रश्न मला वर्षभर येतो. उन्हाळ्यात भोवळ येऊन पडलेला मोर, विजेच्या तारेला चिकटलेला बगळा, फवारणीच्या दिवसांत पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीत लुळी पडलेली साळुंकी. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 प्रमाणे रानातला पक्षी पकडणं, इजा करणं, त्याचं घरटं किंवा अंडी मोडणं हे शिकारीत मोडतं. मात्र जखमी पक्षी उचलून लगेच कळवणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. त्याच कायद्याच्या कलम 39 मध्ये त्याची वाट दिलेली आहे. असा प्राणी कोणत्याही मार्गाने तुमच्या हाती आला, तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याला कळवायचं आणि त्यांनी मागितला की ताब्यात द्यायचा. 48 तास ही शेवटची मुदत आहे, तेवढा वेळ पक्षी घरी ठेवायची परवानगी नव्हे. रक्त वाहणारा लहान पक्षी इतका वेळ जगत नाही.

मेलेल्या पक्ष्यालाही हेच लागू. तो सरकारी मालमत्ता ठरतो. नखं, पिसं, चोच काढून ठेवणं हा गुन्हा आहे. मोराची आपोआप गळालेली पिसं तेवढी अपवाद.

2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, शिक्षा वाढली आहे. सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर, गिधाड, माळढोक, तणमोर हे अनुसूची 1 मधले, म्हणजे कायद्याचं सगळ्यात कडक संरक्षण असलेले पक्षी, त्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड.

पात्रता : कोण काय करू शकतो

कळवायला कोणतीही अट नाही. शेतकरी, मजूर, शाळेतलं पोर, रस्त्याने जाणारा ट्रकवाला, कुणीही कळवू शकतो. वावर कुणाचं आहे याचा संबंध नाही.

पक्षी ठेवून घ्यायला मात्र खाजगी माणूस पात्र नाही. "बरा होईपर्यंत ठेवतो, मग सोडतो," असं प्रेमाने म्हणणारे खूप भेटतात. वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तसं करता येत नाही. पिंजऱ्यातला आपला हिरवा राघूही याच नियमात येतो. जखमी प्राणी दीर्घकाळ ठेवणारी बचाव केंद्रं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेने चालतात.

उपचाराचा हक्क पशुवैद्यकाचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी तातडीचा उपचार करतात, पण ताबा वनविभागाचाच राहतो. म्हणून आधी वनरक्षकाला फोन आणि मग दोघांनी मिळून दवाखाना, हा क्रम ठेवा. प्रत्येक जिल्ह्यात सरकारने नेमलेले मानद वन्यजीव रक्षकही असतात. त्यांचं नाव उपवनसंरक्षक कार्यालयात मिळतं, आणि वनरक्षक फोन उचलत नसेल तेव्हा त्यांची फार मदत होते.

पहिला फोन

वनविभागाची राज्यभराची हेल्पलाइन 1926, टोल फ्री. फोनवर जिल्हा, तालुका, गाव, जवळची खूण (आमच्याकडे "जाम चौरस्त्यापासून किती किलोमीटर" सांगितलं की काम होतं), पक्षी अंदाजे केवढा आणि जखम कुठे, एवढं सांगा. पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर अडत नाही. फोटो काढून ठेवा आणि मोबाईलवरून ठिकाण पाठवा. आपल्या बीटच्या (गाव ज्या वनहद्दीत येतं तिथल्या) वनरक्षकाचा नंबर ग्रामपंचायतीत विचारून आजच लिहून ठेवावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पक्षी तारेवर अडकला असेल तर बांबू घेऊन चढू नका. महावितरणला 1912 वर कळवून आधी लाइन बंद करून घ्या. एकाच जागी चार-पाच पक्षी मेलेले दिसले तर हातच लावू नका आणि पशुसंवर्धन विभागाला 1962 वर कळवा. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, तेव्हा हा धोका पुस्तकातला राहिलेला नाही.

माणूस येईपर्यंत

इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेक पक्षी या दीड-दोन तासांत आपल्या मायेने मरतात.

दुपट्टा किंवा जुनं फडकं पक्ष्यावर अलगद टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. शिकारी पक्ष्याची भीती चोचीची कमी, नखांची जास्त, म्हणून कापडासकट पाय धरा. छातीवर आवळू नका. पक्ष्याच्या छातीत आपल्यासारखं श्वासपटल (फुप्फुसांखालचा श्वासाचा पडदा) नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच श्वास चालतो, आणि मुठीत घट्ट धरलेला पक्षी गुदमरून जातो. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, पेन्सिलीने भोकं पाडा, तळाशी कापड अंथरा, झाकण लावा. जाळीचा पिंजरा नको, धडपडीत पिसं मोडतात. खोकं शांत, सावलीच्या खोलीत ठेवा. मे महिन्यात पारा 45 च्या वर असतो तेव्हा टिनाच्या छपराखाली नको आणि कूलरच्या थेट झोतातही नको.

तोंडात पाणी टाकू नका. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. पक्षी स्वतःच्या पायावर उभा असेल तरच उथळ झाकणात पाणी समोर ठेवा. दूध, पोळी, भात, काहीच नको. आपली मलमं नकोत, कारण तेलकट मलमाने पिसं चिकटतात. हळद-तेलाचंही तेच. मोडक्या पंखाला काड्या बांधू नका. मांजा रुतला असेल तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी दोरा कापा, आतला तुकडा डॉक्टरांसाठी राहू द्या. त्या कापशी घारीच्या वेळी एक जण दोरा सोडवायला बसलाच होता, त्याला हात धरून थांबवावं लागलं.

हे मी कुठून शिकलो तेही सांगतो. कितीतरी वर्षांपूर्वी पिंगळा सापडला होता, माझ्या तळहातावर मावेल एवढा. मी त्याला चार दिवस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं, चमच्याने दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या श्वासाला घरघर लागली. चौथ्या दिवशी सकाळी तो मान टाकून पडला होता. मी कुणाला फोनही केला नव्हता.

एक फरक ओळखा. अंगावर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा जखमी नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप आसपास असतात. कुत्र्या-मांजरापासून दूर, जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांबून तासभर बघा. माणसाचा हात लागला की आई सोडून देते, हा समज खरा नाही.

कागदपत्रं

हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं: पक्षी सोपवायला कायद्याने कोणतंही कागदपत्र लागत नाही. सेतू केंद्रात जायचं नाही, शुल्क नाही, सातबारा नाही. तुमचं नाव, गाव आणि मोबाईल पुरतो, कारण पंचनाम्यात ते लिहायचं असतं. वनरक्षक ठिकाण, वेळ, जखम लिहून घेतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि पक्षी ताब्यात घेतो. पंचनामा नीट वाचून मगच सही करा. "पकडला" असं लिहिलं असेल तर "जखमी अवस्थेत आढळला" असं दुरुस्त करून घ्या. एका शब्दाचा फरक आहे, पण पुढे कुणी विचारलं तर तोच शब्द तुमच्या कामी येतो.

तरीही स्वतःकडे एक कागद ठेवावा. साध्या कागदावर दोन प्रती लिहा, एक द्या, दुसरीवर पोच घ्या:

प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी, …
विषय : जखमी पक्षी आढळल्याची माहिती व ताबा देणेबाबत (वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972, कलम 39)
महोदय, दि. … रोजी … वाजता मौजा …, ता. …, जि. … येथे गट क्र. … मध्ये … पक्षी जखमी अवस्थेत आढळला. जखमेचे स्वरूप : … . पक्ष्यास खोक्यात ठेवले असून कोणतेही औषध दिलेले नाही. पक्षी आपल्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यात देत आहे. कृपया पोच मिळावी.
नाव, पत्ता, मोबाईल, सही.

औषध दिलं असेल, किंवा आसपास फवारणी झाली असेल, तर ते लपवू नका. विषबाधेतला पक्षी झटके देतो, लाळ गाळतो, पायाच्या मुठी आवळतो. फवारलेल्या औषधाच्या डब्याचा फोटो डॉक्टरांना दाखवला तर त्यांचा अर्धा तास वाचतो.

पायात कडं किंवा गळ्यात पट्टा असेल तर त्यावरचा नंबर अर्जात लिहा. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर येणारे काही पाहुणे पक्षी असे खुणा लावलेले असतात आणि त्यांची नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे जाते. ताडोबा आणि पेंचमध्ये 2024 साली हरियाणातल्या पिंजोरहून गिधाडं आणली, त्यातल्या सोडलेल्या गिधाडांच्या पाठीवर छोटं यंत्र आहे. असं गिधाड बसलेलं दिसलं तर यंत्राला हात न लावता तिथूनच 1926 लावा.

कुणी दाद दिली नाही तर

हेही होतं. एका सुटीच्या संध्याकाळी गव्हाणी घुबड खोक्यात घेऊन मी एका कार्यालयाच्या दारात उभा होतो. उत्तर मिळालं, "सोमवारी घेऊन या." तेव्हा कलम 39 मधला पोलीस ठाण्याचा उल्लेख कामी आला. ठाण्यात गेलो, स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली. ठाण्यातून फोन गेला आणि तासाभरात वनमजूर मोटरसायकलवर हजर झाला. वाद घालत बसू नका. नोंद मागा, नोंदीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या.

पुढे पक्ष्याचं काय झालं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आधी वनरक्षकालाच फोन करा, बहुतेक जण आनंदाने सांगतात. नाहीच कळलं तर उपवनसंरक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

सोपवल्यानंतर

आमच्या भागातले गंभीर जखमी पक्षी नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला जातात. तिथे एक्स-रे, टाके, सलाइन आणि मग मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव. पक्ष्याचं हाड साधारण तीन आठवड्यांत जुळतं, पण जुळलं म्हणजे उडता आलं असं नाही. शिकारी पक्ष्याला उडता उडता भक्ष्य धरता आलं पाहिजे, त्यासाठी आणखी दिवस लागतात. ज्याला कधीच उडता येणार नाही त्याचं काय करायचं, हे वनविभागाचे वरिष्ठ आणि डॉक्टर ठरवतात. तो पक्षी मागून घरी मिळत नाही, तसा अर्जही करू नका.

बरा झालेला पक्षी शक्यतो जिथे सापडला तिथेच सोडतात, कारण तिथलं पाणी, झाडं, शिकार त्याला पाठ असतात. दिवसाचे पक्षी सकाळी, घुबडं दिवेलागणीला.

फेब्रुवारीच्या शेवटी वनरक्षकाचा फोन आला, "काका, घार आणतो उद्या सकाळी." त्या संध्याकाळी आम्ही चौघं लांब बांबूला आकडा बांधून बाभळीखाली गेलो. संक्रांतीचा मांजा अजून फांद्यांत गुंतलेला होता. अंधार पडेपर्यंत तो उतरवून गोळा केला, मुठीएवढा झाला. दुसऱ्या दिवशी वनरक्षकाने खोक्याचं झाकण उघडलं तेव्हा घार क्षणभर कडेवर बसली, मग खाली झुकत धुऱ्यावरून गेली आणि बाभळ टाळून पलीकडच्या विजेच्या खांबावर जाऊन बसली.